अकराचा फोन

१

एकोणीस वर्षं मी दर रविवारी सकाळी अकरा वाजता बाबांना फोन करत आले. एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि रक्तातल्या पेशी मोजायच्या, हे माझं काम. रविवारी नेमकी माझी पाळी असायची. रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात ठेवल्या की दहा मिनिटं मोकळी मिळायची, त्या दहा मिनिटांत फोन. औषध घेतलं का, जेवण काय केलंत, गुडघा कसा आहे. बाबा पलीकडून "घेतलं", "केलं काहीतरी", "आहे जागेवर" एवढंच म्हणायचे. तीस वर्षं त्यांनी बंदरातल्या क्रेनच्या केबिनमध्ये उंचावर एकटं बसून काढली होती. खालच्या माणसांशी हाताच्या खुणांनी बोलायची सवय. बोलणं त्यांच्या अंगवळणी कधी पडलंच नाही.

आई गेली त्याला चौदा वर्षं झाली. माझं लग्न झालं आणि मोडलं, त्याला त्याहून जास्त. म्हणजे आम्ही दोघंच उरलो होतो, आणि मध्ये एक दिवस-रात्रीचा प्रवास.

एकदा पेशी मोजता मोजता मी भलतंच मोजत बसले. एकोणीस वर्षांतले रविवार, गुणिले दहा मिनिटं. उत्तर आलं जेमतेम सात दिवस. एकोणीस वर्षांत मी बाबांशी सात दिवस बोलले होते. त्याच दुपारी मी वर्षभराच्या बिनपगारी रजेचा अर्ज लिहिला. साहेबांनी तो वाचून टेबलावरून माझ्याकडे परत सरकवला. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाले. मी तो पुन्हा त्यांच्याकडे सरकवला. मी असं कधी करत नाही. त्यांनाही ते ठाऊक होतं, म्हणून असेल, पण त्यांनी सही केली.

आधी बाबांकडे राहायचं, मग त्यांना घेऊन हिंडायचं, तुटलेली माणसं जोडायची, असा माझा बेत होता. तुटलेलं माणूस म्हणजे मुख्यतः आत्या.

२

घरी पोचले तो गुरुवार होता. पहिला रविवार उजाडला. मी स्वयंपाकघरात टेबलाशी बसून बटाटे सोलत होते, बाबा समोर चहा पीत होते. बाहेरच्या खोलीत फोन वाजला. घड्याळात अकरा.

बाबा कप ठेवून उठले. गुडघ्यावर हात टेकत गेले. मला दारातून त्यांची पाठ दिसत होती.

"बोल चिंगे," ते म्हणाले.

चिंगी म्हणजे मी. जगात मला या नावाने हाक मारणारं दुसरं कोणी नाही, आणि बाबा दुसऱ्या कोणाला ती मारत नाहीत. मला हसू आलं. वाटलं, सवयीने बोलून गेले. कोणाचा तरी चुकून फोन आला असणार.

"घेतलं," बाबा म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "आहे जागेवर."

मी "कोण आहे?" असं विचारलं. त्यांनी मागे न बघता तळवा उंच केला. क्रेनवाल्यांची ती खूण, थांब. दहा मिनिटांनी त्यांनी फोन ठेवला आणि येऊन पुन्हा कप उचलला.

"कोण होतं?"

"तूच की," बाबा म्हणाले. वार विचारल्यावर वार सांगावा तसं. मग माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "साल जाड काढतेस. अर्धा बटाटा कचऱ्यात."

३

माणूस आधी सोपी कारणं शोधतो. वय झालंय, घोळ होतोय, असं धरून मी सोमवारीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. बाबा खाली दोनपर्यंत जाऊन थांबले, तोवर डॉक्टरांचाच हिशेब चुकला होता. "वडिलांची काळजी करू नका," डॉक्टर मला म्हणाले. "तुम्हीच जरा विश्रांती घ्या."

दुसरं कारण मला त्याहून पटलं. हल्ली आवाजाची नक्कल करून म्हाताऱ्या माणसांना फसवतात, रोज वाचतो आपण. दुसऱ्या रविवारी फोन आला तेव्हा मी बाबांजवळ उभी राहिले. ते काहीच गैर बोलले नाहीत. कसले आकडे नाहीत, कसले पत्ते नाहीत. गॅलरीतल्या कुंडीला फूल आलं, एवढं मात्र सांगितलं. मी टेलिफोन कार्यालयात जाऊन बसले. तिथल्या बाईंनी यादी काढून दाखवली. दोन्ही रविवारी आमच्या नंबरावर कोणाचाच फोन आलेला नव्हता.

आई आजारी होती तेव्हा तिच्या उशाशी बाहेरच्याच लाईनवरचा एक जोडफोन बसवून घेतला होता. तिसऱ्या रविवारी अकराला मी आतल्या खोलीत जाऊन, श्वास धरून, तो उचलला.

आपला आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो म्हणतात. मला तो परका वाटला नाही. फक्त खूप दमलेला वाटला.

"रजेचं परत विचारलं बाबा," ती सांगत होती. "पुढच्या वर्षी बघू म्हणतात."

"बघतील," बाबा म्हणाले.

"डोळे दुखतात हल्ली. संध्याकाळी वाचवत नाही."

"गार पाणी मार डोळ्यांवर."

तिच्यामागे यंत्र फिरत होतं. त्याची घरघर मंदावली, आणि थांबता थांबता झाकणाची सैल बिजागरी तीनदा वाजली. टक, टक, आणि जरा थांबून टक. ते यंत्र वापरून वापरून माझ्या कानात बसलं होतं. "नळ्या झाल्या," ती म्हणाली, "ठेवते हं." मी एरवी म्हणते तसंच.

सोमवारी मी प्रयोगशाळेत मैत्रिणीला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून मुद्द्यावर आले. ते जुनं यंत्र कसं चाललंय?

"ते खडखडं?" ती हसली. "तू गेलीस त्याच आठवड्यात भंगारात दिलं की. नवं इतकं मुकाट चालतं, आम्हाला करमत नाही."

४

मी काय समजायचं ते समजले. कागद परत सरकवल्यावर जिने तो मुकाट्याने घडी करून पर्समध्ये ठेवला, ती. रजा न मिळालेली. हे खरं कसं असेल, असं मी दिवसभर स्वतःला विचारायची. बाबांना मात्र असं काही विचारावंसं वाटत नव्हतं.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मी त्यांना एका संध्याकाळी म्हटलं.

"कशाची?"

"मी इथे आहे. मग ती कोण?"

बाबा गॅलरीतल्या कुंडीतली माती उकरत होते. ते उकरत राहिले. संपलं बोलणं असं धरून मी आत निघाले, तेव्हा म्हणाले, "तू माझ्यासमोर आहेस. तुझी मला काळजी नाही. ती तिथे एकटी आहे. मी फोन उचलला नाही तर तिला काय वाटेल?"

ऐकून मला राग आला. मला हेवा वाटत होता. इतकं सगळं सोडून मी आले, रोज तीन वेळा समोर ताट ठेवते, आणि रविवारी दहापासून यांचं लक्ष घड्याळाकडे. पुढच्या रविवारी त्यांची आंघोळ चालू असताना मी फोनची तार भिंतीतून काढून ठेवली.

अकरा वाजले. बाबा फोनशेजारच्या खुर्चीत बसून होते. सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. त्यांनी एकदा रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि हळूच ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. जेवताना म्हणाले, "आज पाळी बदलली असेल." मी ताट उचललं आणि नळाखाली धुत राहिले, कितीतरी वेळ.

त्याच्या पुढच्या रविवारी मी जोडफोन उचलायच्या आधीच मला ती ऐकू आली, भिंतीपलीकडून, बाबांच्या हातातल्या रिसीव्हरमधून. रडत होती. कुठे होता तुम्ही, मी वीस वेळा लावला, शेजाऱ्यांकडे लावला, रात्रभर झोपले नाही. बाबा "असू दे, असू दे" एवढंच म्हणत होते, आणि त्यांचा हात हवेत वरखाली होत होता, थोपटावं तसा. त्या हाताखाली कोणी नव्हतं.

त्यानंतर मी तारेला हात लावला नाही. उलट रविवारी अकराच्या आत बाबांचा चहा फोनपाशी नेऊन ठेवायला लागले.

५

आठव्या महिन्यात आम्ही आत्याकडे निघालो. बाबांची ही मोठी बहीण. आईला कुठल्या रुग्णालयात न्यायचं यावरून दोघांचं वाजलं होतं. दोघांचंही म्हणणं बरोबर होतं आणि आई दोन्हीकडे वाचली नसती. पण तेव्हापासून बोलणं नाही, चौदा वर्षं. आधी बस, मग रेल्वे, मग पुन्हा बस, मग एक छोटी होडी. बाबा खिडकीशी बसून बाहेर बघत होते. होडीत चढताना धाप लागली, तेव्हा म्हणाले, "बसून बसून गंज चढलाय."

आत्या दारातच उभी होती. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जन्म घालवलेली बाई, तिला हळू बोलता येत नाही.

"आलास?" ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्या मयताला येशील थेट."

"ताई," बाबा म्हणाले, "तू आधी बाजूला हो. मला बसायचंय."

झालं एवढंच. चौदा वर्षांचं भांडण तिथेच, उंबऱ्यावर संपलं. पुढचे तीन आठवडे ती बोलायची आणि हे ऐकायचे. कधीकधी बाबांना असं हसू यायचं की चष्मा काढून डोळे पुसावे लागायचे. मी त्यांना तसं हसताना लहानपणीसुद्धा बघितलं नव्हतं.

पहिल्या रविवारी अकरा वाजता आत्याकडचा फोन वाजला. हा नंबर मी कोणाला दिलेला नव्हता. फोन आत्याने उचलला.

"हॅलो? ... हो गं, मीच, आत्या." ती माझ्याकडे बघतच होती. मी समोर मटार सोलत होते. तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळे बदलले. तिने रिसीव्हर बाबांच्या हातात दिला आणि आत गेली. मी मागोमाग गेले. ती चहाच्या भांड्यात साखर घालत होती. एक चमचा, दुसरा, तिसरा, पाचवा. मी तिचा हात धरला.

बाहेर बाबा म्हणत होते, "कुठे जाणार? घरीच आहे."

नंतर मी त्यांना विचारलं, खोटं का बोललात? "सांगितलं तर तिला वाटेल," ते म्हणाले, "तिला सोडून आलो."

आत्याने दिवसभर काही विचारलं नाही, हेच मोठं नवल. संध्याकाळी आम्ही दोघी पायरीवर बसलो होतो, तेव्हा खाली बघत म्हणाली, "आवाज किती ओढलाय तिचा. जेवते तरी का ती नीट?"

६

बाबा गेले ते एका सोमवारी दुपारी. जेवण झालं होतं. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत ते बसले होते आणि शेजारी आत्या उशांचे अभ्रे शिवत वसतिगृहातल्या मुलींचे किस्से सांगत होती. मध्ये एकदा तिने विचारलं, "ती बुटकी पोरगी आठवते का तुला?" बाबा काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत यात नवीन काय, म्हणून ती आणखी वीस मिनिटं सांगत राहिली. मग गोष्टीत हसायची जागा आली आणि ते हसले नाहीत.

तिथल्या डॉक्टरांनी कागदावर सही केली. चांगले गृहस्थ होते, सहज बोलून गेले. "हृदय थकलेलं होतं. घरी बसून काढली असती काही वर्षं. एवढा प्रवास झेपला नसावा."

आत्या मला म्हणाली, "तू ते मनाला लावून घेऊ नकोस." म्हणजे तिनेही ते ऐकलं होतं.

७

घर आवरायला मी एकटी परत आले. दोन दिवस कपडे, औषधं, जुनी बिलं. शनिवारी रात्री कळलं की मी हातातली कामं उगाच भराभर उरकतेय. दुसऱ्या दिवशी रविवार होता. अकराला तिचा फोन येईल आणि तिला मला सांगावं लागेल. मी वाक्यं ठरवून ठेवली. आधी बस म्हणायचं. मग सांगायचं. त्रास झाला नाही, हे लगेच सांगायचं.

अकरा वाजता फोन वाजला. मी चार वेळा वाजू दिला. उचलून कानाला लावला आणि "बस आधी" म्हणायला तोंड उघडलं.

"बोल चिंगे," बाबा म्हणाले.

माझ्याशी नाही. रिसीव्हरच्या आतून, तिच्याशी. किंचित खोकले. मी तशीच उभी राहिले. त्यांची खुर्ची माझ्याशेजारीच होती, कपड्यांचे गठ्ठे बांधून तिच्यावर ठेवलेले होते.

"औषध घेतलंत?"

"घेतलं."

"गुडघा?"

"आहे जागेवर."

मग मला समजलं. तिने त्यांना कुठे नेलं नव्हतं. रेल्वे नाही, होडी नाही. म्हणून तिचे बाबा होते.

"बाबा," ती म्हणाली, "काल साहेबांनी बोलावलं. हवी तर घे म्हणाले वर्षाची रजा. काय करू? इकडे कामाचा ढीग आहे. मी नसले तर..."

"तुझं काम बघ," बाबा म्हणाले. "माझं काय, मी बरा आहे."

मी आठ महिने त्यांच्या समोर बसले होते. ते बरे असतात तेव्हा काही सांगत नाहीत, हे मला आता कळत होतं. बरा आहे असं ते कधीच म्हणत नाहीत. तिला ते कळणार नव्हतं. तिच्याकडे सातच दिवस होते.

"मग नको घेऊ?" ती म्हणाली. "बाबा? ... लाईनवर कोणी आहे का? श्वास ऐकू येतोय."

मी फोन ठेवू शकले असते. ती पुढच्या वर्षी बघू म्हणाली असती, आणि बाबा आणखी काही वर्षं रविवारची वाट बघत त्या खुर्चीत जगले असते. सांगायचं तर हेही सांगता आलं असतं, की ये, पण आत्याकडे नेऊ नकोस. ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मग मला उंबऱ्यावरचे ते दोघं दिसले, आणि चष्मा काढून डोळे पुसणारे बाबा. ते हसू काढून घ्यायचं मला जमेना.

"ये," मी म्हटलं.

पलीकडे यंत्राची घरघर तेवढी चालू होती.

"बाबा, तुम्ही बोललात का?" तिने विचारलं.

हा आवाज कोणाचा, हे त्यांनी ओळखलं नसेल असं मला वाटत नाही. आयुष्यात कोणाला कधी बोलावलं नाही त्यांनी. सवडीने ये, असंसुद्धा नाही.

"हो," बाबा म्हणाले. "मीच. ये तू."

८

पुढचे तीन रविवार फोन आला नाही. चौथ्या रविवारपर्यंत घर आवरून झालं होतं. दुपारच्या बसने आत्याकडे जायचं होतं, रजेचे उरलेले दिवस तिच्याजवळ काढायला. मी बॅग बाहेरच्या खोलीत ठेवली, बसले, आणि घड्याळाकडे बघत राहिले. अकरा वाजले आणि होऊन गेले.

आतल्या खोलीतून बारीक आवाज यायला लागला. कट. मग जरा वेळाने, कट. ती खोली मी आदल्या दिवशी रिकामी केली होती. उंदीर असेल म्हणावं तर आवाजात फार सावकाशपणा होता. मी उठून दारापाशी गेले. दार अर्धं लोटलेलं होतं.

सकाळचं ऊन जमिनीवर पडलं होतं. उन्हात बाबांचा एक पाय होता, पुढे केलेला, आणि तो मांडीवर घेऊन एक बाई खाली बसून त्यांची नखं कापत होती. प्रयोगशाळेतल्या रंगाचे निळे डाग तिच्या बोटांवरून अजून गेले नव्हते. बाबांचा चेहरा दाराआड होता. पाय मात्र अगदी सैल, भरवशाने सोडलेला.

"दुखलं तर सांगा," ती म्हणाली.

"सांगतो," बाबा म्हणाले.

मग ती थांबली. मागे कोणी उभं आहे असं वाटल्यावर माणूस थांबतं तशी. मान वळवायला लागली. मी मागे सरकले, बॅग उचलली, चपला हातातच घेतल्या.

बाहेर आल्यावर बॅगेतून कुलूप काढलं. त्यांना अजून आठ महिने होते, त्यातला एक दिवससुद्धा मला माहीत नसलेला नव्हता. कडी सरकवली आणि तशीच थांबले. आत माणसं असताना बाहेरून कुलूप कसं लावायचं?

मी दार नुसतं ओढून घेतलं आणि स्टँडकडे चालू लागले.